न कळत द्यायचं औषध

माझ्या जेवणात काय घातलं जात होतं, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. बायको त्याला औषध म्हणते. मी पहिले काही दिवस विष म्हणत होतो, आता नुसतं ‘ते’ म्हणतो. भांडण कमी व्हावं म्हणून शब्द बदलला, राग बदललेला नाही. लोक मला समजावतात, अरे तिनं संसार वाचवला, तुला राग कसला? अशा लोकांना मी सगळं पहिल्यापासून सांगतो. तरीही त्यांना कळलं नाही, तर चहा पाजतो आणि विषय बदलतो.

मी शेंद्र्याला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. नटबोल्ट, बेअरिंग, हातमोजे, ग्रीसचे डबे, असलं सगळं माझ्या ताब्यात असतं. राहायला सिडकोत. बायको घरीच ब्लाउज शिवते, मुलगी कॉलेजात आहे. मी पीत होतो. किती आणि कसा, ते इथं उगाळत बसत नाही. ज्यांच्या घरात पिणारा आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांच्या घरात नाही त्यांनी देवापुढं नारळ फोडावा. एवढंच सांगतो की एके दिवशी मुलीनं माझ्याशी बोलणं बंद केलं. भांडून नाही, चिडून नाही. मी खोलीत आलो की पुस्तक उचलून ती आत निघून जायची. दारू सोडायचं मी त्याआधीही खूपदा ठरवलं होतं, पण त्या आठवड्यात पहिल्यांदा कुणाला तरी फोन केला.

फोन नंबर मला बसस्टँडच्या मुतारीत मिळाला होता. भिंतीवर एक अर्धवट फाटलेलं स्टिकर, त्यावर ‘दारू सोडायची आहे?’ एवढाच प्रश्न आणि खाली आकडे. तिथं उभं राहून नंबर मोबाईलमध्ये टिपून घेणं सोपं नसतं, मागचा माणूस खाकरायला लागतो. दोन दिवस तो नंबर खिशात घेऊन फिरलो. मग दुपारी स्टोअरमध्ये सामसूम असताना लावला. पलीकडून जाडाभरडा आवाज आला, “बोला.”

मी म्हणालो, माझ्या एका मित्रासाठी विचारतोय.

“व्हय का? मग मित्राला घिऊन या सात वाजता. अन् मित्र नाय आला, तर तुमी या.”

पत्ता छावणीकडच्या एका शाळेचा होता. शाळा सापडली, पण मीटिंग सापडेना. बोर्ड नव्हता. अशा मीटिंगला बोर्ड नसतो हे मला तेव्हा कुठं ठाऊक? मुख्य दरवाजाला कुलूप. मी शाळेला दोन चकरा मारल्या आणि दुसऱ्या चकरेला मनात म्हणालो, चला, आपण प्रयत्न केला, देवानंच दार बंद ठेवलं. त्याच खुशीत परत फिरणार होतो, पण कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं मला हेरलं असावं. “काय शोधताय?” म्हणाला. मी मोघम म्हणालो, इथं कसली तरी मीटिंग भरते म्हणे.

“बेवड्यांची का?” गाळणी झटकत तो मोठ्यानं म्हणाला. “पीछे के गेट से जाओ ना भाई. चहा मीच पाठवतो तिकडं.”

बाकड्यावरची माणसं माझ्याकडं वळून बघायला लागली. मी आयुष्यात इतका शरमलो नव्हतो. पिऊन रस्त्याच्या कडेला सापडलो होतो तेव्हाही नाही, कारण तेव्हा शुद्धच नव्हती. आता मागं फिरणं जास्त लाजेचं होतं, म्हणून मागच्या गेटनं आत गेलो.

तिसरीचा वर्ग होता. लहान मुलांचे बाक, त्यावर मोठाले पुरुष गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. माझ्यासारखाच कंपनीचा शर्ट घातलेला एक जण, वकिलासारखा दिसणारा एक, कपड्याचं दुकान असलेला एक भाई, आणि बाकीचे रस्त्यानं येता-जाता दिसतात तसे. तिथं आडनाव विचारत नाहीत. आपलं नाव सांगायचं, आपण दारुडा आहोत हे सांगायचं, आणि मग जे सांगायचं ते सांगायचं. कुणी मध्ये बोलत नाही, उपदेश करत नाही. दुकानवाला भाई सांगत होता, बाटली तो कापडाच्या ताग्यात गुंडाळून ठेवायचा, आणि एकदा लग्नाच्या खरेदीला आलेल्या गिऱ्हाइकासमोर तागा झटकून उलगडला, तर क्वार्टर टुणकन नवरीच्या आईच्या मांडीवर. सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी सगळ्यांनी उभं राहून एक वाक्य म्हटलं: इथं जे ऐकलं ते इथंच ठेवून जायचं. ते वाक्य मला फार आवडलं होतं. त्या वाक्याच्या भरवशावर मी पुढच्या वेळी तोंड उघडलं.

फोनवरच्या आवाजाचे मालक म्हणजे दादा. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, गंगापूरकडं थोडी शेती, मीटिंगच्या दिवशी काळीपिवळी जीपनं यायचे. मोठ्या मिशा, मोठे हात, आणि बोलताना अजूनही समोर रस्त्याकडं बघितल्यासारखी नजर. त्या ग्रुपची पद्धत अशी की नव्या माणसानं एका जुन्या माणसाचा हात धरायचा, आणि ग्लास उचलावासा वाटला की आधी त्या माणसाला फोन लावायचा. मी दादांचा हात धरला. स्टोअरच्या रॅकमागून, भाच्याच्या लग्नाच्या मांडवाबाहेरून, रस्त्यात गाडी थांबवून, कुठून कुठून मी त्यांना फोन केले. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “जेवला का?” नसलो जेवलो तर आधी जेवायला पाठवायचे, मग बोलायचे. माझे वडील लवकर गेले. कुणीतरी मला जेवला का विचारतंय, याचंच मला अप्रूप होतं.

दादांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. आमची मीटिंग वर्गात चालायची तेव्हा बाहेर व्हरांड्यात घरच्या बायकांची वेगळी मीटिंग बसायची, आणि ती वहिनी चालवायच्या. माझी बायको दुसऱ्या महिन्यापासून तिथं यायला लागली. आम्ही दोघं स्कूटरवर यायचो, शाळेच्या मागच्या गेटपाशी वेगळे व्हायचो आणि नंतर चहा पिऊन परत जायचो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दर आठवड्याला दोघांनी मिळून एका ठिकाणी जायचं, हे आमच्यात पहिल्यांदा घडत होतं.

वर्ष पूर्ण झालं तेव्हा ग्रुपनं माझा वाढदिवस केला. तसा रिवाजच आहे. केक आणतात, घरच्यांना आत बोलावतात आणि पितळेचा एक बिल्ला देतात. दादांनी बिल्ला माझ्या तळहातावर ठेवला, माझी मूठ स्वतःच्या हातांनी मिटवली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “हे तुजं हाय. कुणी दिल्यालं नाय, म्हणून कुणी नेनार नाय.” बायको पदरानं डोळे पुसत होती, वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मुलगी सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवत होती. ती आता माझ्याशी बोलायची, सकाळी स्कूटरवर कॉलेजच्या फाट्यापर्यंत यायची.

त्या बिल्ल्याचं महत्त्व सांगायचं तर माझं आयुष्य सांगावं लागेल, आणि ते दोन ओळींत संपतं. नोकरी मामाच्या ओळखीनं लागली. लग्न आईनं जमवलं. घर सासऱ्यांनी उभं करून दिलं. साधी स्कूटर घ्यायची तर मेव्हणा येऊन रंग ठरवून गेला. चाळिशी उलटलेल्या माणसानं स्वतःहून केलेली, कुणाच्या कुबड्यांशिवाय केलेली एकच गोष्ट होती, रोज सकाळी उठून न पिणं. मी ती करत होतो. मी! रात्री झोपताना मला स्वतःचं कौतुक वाटायचं, आणि त्यात मला काही गैर वाटत नव्हतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी मला खोकला झाला. तोंडाला चव नाही, अंगात कणकण. रविवार होता. बायकोनं मेडिकलमधून द्राक्षासवाची बाटली आणली आणि म्हणाली, याच्यानं भूक लागते, ताकद येते, जेवल्यावर घ्या. बाटलीवर दोन झाकणं लिहिलं होतं, मी चार घेतली. गोड होतं. घशातून उतरताना बरं वाटलं, खोकला सुटेल असं वाटलं, आणि मी टीव्हीसमोर आडवा झालो.

थोड्या वेळानं कान तापले. मग चेहरा. कुणीतरी तोंडावर गरम तवा धरावा तसं झालं. छाती इतकी धडधडायला लागली की शर्ट हलताना दिसत होता. उठायला गेलो तर खोली फिरली, आणि मी तिथंच फरशीवर ओकलो. बायको शिलाई सोडून धावत आली. माझा लालबुंद चेहरा तिनं बघितला. आता गंमत बघा. ती घाबरली नाही. आधी ती चिडली.

“कुठं घेतली?”

“काय?”

“खोटं बोलू नका. कधी घेतली? सकाळी पेपर आणायला गेलात तेव्हा?”

“अगं, थेंब घेतला नाही. मुलीची शपथ.”

“तिची शपथ घालू नका!” ती किंचाळली. “घेतल्याशिवाय असं होतच नाही!”

मी फरशीवर, भिंतीला टेकून, धापा टाकत. त्या अवस्थेतही मला ते वाक्य खटकलं. म्हणालो, “असं म्हणजे कसं?”

तिचा हात तोंडाशी गेला. दारात मुलगी उभी होती. तिनं ओकारी बघितली, माझे लाल डोळे बघितले, आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, “पप्पा, परत?” मला जगात कुणी इतकं लागेल असं बोललेलं नाही. आणि मी खरोखर काही केलेलं नव्हतं.

रिक्षानं दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टर होता. नाडी बघितली, बीपी बघितलं, माझ्या तोंडाचा वास घेतला. बीपी खूप खाली गेलंय म्हणाला, सलाईन लावलं. मग विचारलं, “दारू सोडायच्या गोळ्या चालू आहेत का तुम्हाला?”

मी म्हणालो, “नाहीत.”

बायको म्हणाली, “आहेत.”

दोघं एकदमच बोललो. डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं, आणि त्याच्या लक्षात आलं. बहुतेक तो असली जोडपी रोज बघत असावा. तिला बाजूला न नेता, माझ्यासमोरच, त्यानं तिला झापलं. या गोळ्या माणसाला सांगितल्याशिवाय कधीच द्यायच्या नसतात. त्यावर दारू गेली तर माणूस मरूसुद्धा शकतो. गोळी बंद केली तरी दोन आठवडे तिचा असर अंगात राहतो. “आणि आज काय घेतलं यांनी?” बायको म्हणाली, काही नाही हो, नुसतं द्राक्षासव, मीच दिलं. डॉक्टरनं कपाळाला हात लावला. “अहो ताई, आसवात दारूचा अंश असतोच. ते तयारच तसं होतं.”

म्हणजे एका हातानं तिनं मला गोळी चारली आणि दुसऱ्या हातानं दारू पाजली, आणि मी आडवा पडल्यावर चोर मलाच ठरवलं. मुलगी खाटेजवळ आली आणि सॉरी म्हणाली. बायको सलाईनच्या बाटलीकडं बघत होती.

घरी आल्यावर तिनं सगळं सांगितलं. रडली नाही. हिशेब दिल्यासारखं सांगितलं. व्हरांड्यात यायला लागली त्याच महिन्यापासून ती देत होती. गोळी खलबत्त्यात कुटून पूड करायची. घरी असलो तर माझ्या वाटीत, कामावर असलो तर डब्यातल्या भाजीत. आमच्या घरात माझं ताट आधी वाढायचं, माझी वाटी वेगळी, भरून माझ्यासमोर ठेवायची, असं वर्षभर चाललं होतं. मला वाटायचं, पीत होतो तेव्हा या घरातला माझा मान गेला होता, तो आता परत आला. वाटी वेगळी कशासाठी होती ते त्या संध्याकाळी कळलं.

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. कारखान्यात आम्ही चौघं एकत्र जेवतो, एकमेकांच्या डब्यात हात घालतो, आणि माझ्या बायकोच्या हातची शेवग्याची भाजी सगळ्यांना आवडते. पेंट शॉपमधला, म्हणजे रंगखात्यातला एक जण तर माझा डबा उघडायची वाटच बघायचा. तो संध्याकाळी नेमानं दोन पेग घेणारा. पावसाळ्यात एकदा बारमध्ये त्याचं तोंड लाल झालं, छाती धडधडली, त्याला उचलून न्यावं लागलं. आम्ही सगळ्यांनी बारमधल्या चकलीला दोष दिला. त्याला वाटलं आपलं लिव्हर गेलं, भीतीनं त्यानं महिनाभर बाटलीला हात लावला नाही, आणि मी शहाण्यासारखा त्याला मीटिंगला चल म्हणून मागं लागलो होतो. कसं करायचं ते मी त्याला समजावून सांगत होतो! मला तो प्रसंग आठवला की अजून कानशिलं तापतात, आणि ती कुठल्या गोळीनं नाही.

“हे तुला कुणी शिकवलं?” मी बायकोला विचारलं.

“वहिनींनी. व्हरांड्यात.”

“दादांना माहिती होतं?”

“त्यांना विचारूनच वहिनींनी मला दुकान सांगितलं.”

बायकोचं एक वेळ मी समजून घेतलं असतं. तिनं जे भोगलं ते मीच दिलेलं. पण दादा? पुढच्या सुट्टीला मी काळीपिवळी पकडून गंगापूर गाठलं. दादा शेतात होते, कपाशीला पाणी देत होते. मला बघून हातातलं फावडं खाली ठेवलं. मी बोलण्याआधीच त्यांना कळलं होतं, बायकांचे फोन आधी पोचलेले.

“बस,” म्हणाले. “जेवला का?”

मी असा भडकलो की शेजारच्या बांधावरचा माणूस उभा राहिला. म्हणालो, “दादा, वर्षभर तुम्ही मला फोनवर जेवला का विचारत होतात, ते यासाठी? डोस पोटात गेला की नाही ते बघायला?”

“नाय रे. भुकेला मानूस पितो, म्हणून इचारायचो. तुज्या आधी धा जणांना इचारलंय.”

“पण माहीत होतं तुम्हाला.”

“व्हय.”

“आणि तरी सगळ्यांसमोर बिल्ला दिलात. कुणी दिलेलं नाही म्हणालात.”

ते मिशीवरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, “तुजी बायको लई रडली व्हती. म्हनली, ह्यांनी पुना घेतली तर मी पोरीला घिऊन इहीर जवळ करीन. मी काय करायचं सांग. मलाबी माज्या बायकोनं अशीच पुडी दिली व्हती, तवा मी उबा राह्यलो.”

“मला सांगायचं होतं. मी स्वतः घेतली असती गोळी, डॉक्टरला विचारून, समोर बसून.”

“घेतली असती का?”

“तुम्ही विचारलंत कुठं?”

पाटातलं पाणी भलतीकडं निघालं होतं, त्यांनी उठून दोन फावडी माती टाकली आणि परत येऊन बसले. मी शेवटचं विचारलं, “म्हणजे तुमचा माझ्यावर भरवसा नव्हता.”

“नव्हता,” दादा म्हणाले. “माजा माज्यावर नाय अजून, तुज्यावर कुटून आणू?”

खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. वहिनींनी आतून भाकरी आणि ठेचा पाठवला होता. मी ताटाला हात न लावता उठलो आणि फाट्यावर आलो.

फाट्यावर देशी दारूचं दुकान आहे. जीप भरायला वेळ होता. मी तिथं उभा राहिलो आणि मला प्यायची होती. तलफ म्हणून नव्हे, रागानं. दादांना दाखवून, बायकोला दाखवून, मुद्दाम प्यायची होती. पण डॉक्टरचं बोलणं कानात होतं, दोन आठवडे थेंबही नको, मराल. म्हणजे रागानं वाया जायचीसुद्धा मला मोकळीक ठेवली नव्हती. मी प्यायलो नाही, आणि त्यात माझं काही नव्हतं. मागचं अख्खं वर्ष असंच गेलं का, हा प्रश्न तिथं पहिल्यांदा पडला. मी नको म्हणत होतो तेव्हा मी म्हणत होतो, की ती पूड? जीप भरली, मी दाटीवाटीत बसलो आणि शहर येईपर्यंत तेच घोळवत राहिलो.

पुढच्या मीटिंगला मी गेलो ते सूड म्हणून. दादा समोर बसले असताना सगळ्यांना सांगायचं, असं ठरवून गेलो. सांगितलं. वाटी, डबा, द्राक्षासव, पेंट शॉपवाला, सगळं. बोलून झालं, आणि वर्ग हसायला लागला. दुकानवाला भाई तर डोळे पुसत होता. “अरे मियाँ, तुम्हारी तो गोली थी,” म्हणाला. “मेरे को तो छे महिने बाबा की राख खिलाई दाल में. दाल का रंग काला, और मैं समझा उडद है.” आणखी एकाला चहातून दिलं होतं, आणखी एकाला पेढ्यातून. प्रत्येकाला काही ना काही आठवत होतं. दादा फक्त हसले नाहीत. हसणाऱ्यांचा मला राग नाही, त्या वर्गात आम्ही याहून वाईट गोष्टींवर हसलेलो आहोत. पण एकही माणूस असं म्हणाला नाही की हे चूक झालं. मला तेवढं एकच वाक्य हवं होतं.

शेवटची प्रार्थना व्हायच्या आत मी उठून बाहेर पडलो. व्हरांड्यात बायका ओळीनं सतरंजीवर बसल्या होत्या. मला बघताच कुणी पदर सारखा केला, कुणी खाली बघितलं. वर्षभर मी त्यांना नमस्कार करत तिथून जात होतो, त्या हसून मान हलवायच्या, आणि त्या सगळ्यांना माहीत होतं माझ्या डब्यात काय आहे ते. आत आम्ही शपथेवर एकमेकांची गुपितं सांभाळत होतो, आणि माझं गुपित मला सोडून सगळ्यांकडं होतं. त्यांच्यात माझी बायकोही बसली होती. तिनं खाली बघितलं नाही, ती सरळ माझ्याकडं बघत होती.

त्यानंतर मी डबा स्वतः करायला लागलो. खिचडी, रोज खिचडी, तीही खाली लागलेली. कारखान्यात बाकीच्या तिघांनीही माझ्या डब्यात हात घालणं बंद केलं. घरात मी सगळ्यांच्या पातेल्यातून स्वतः वाढून घ्यायचो आणि मुलीनं पहिला घास खाल्ल्याशिवाय खात नव्हतो. हे मुलीच्या लक्षात आलं तेव्हा ती रडली. मला माझीच लाज वाटली, पण तरी थांबलो नाही.

दोन आठवडे उलटले. डॉक्टरच्या हिशेबानं माझं अंग मोकळं झालं होतं. त्यानंतरचे दिवस काय होते ते सांगतो. संध्याकाळी कामावरून येताना जालना रोडवरच्या प्रत्येक परमिट रूमची पाटी मला वाचता यायची, आधी त्या मला दिसतच नसत. पहिल्या महिन्यातही इतकं जड गेलं नव्हतं. मी दादांना फोन केला, कारण दुसऱ्या कुणाचा नंबर मला पाठ नाही. ते आता जेवला का विचारत नाहीत. “बोल,” म्हणतात आणि मी बोलेपर्यंत थांबतात. मी त्यांना माफ केलेलं नाही, आणि त्यांनी माफी मागितलेलीही नाही. मी मीटिंगला जातो, खिडकीकडच्या बाकावर बसतो.

परवा रविवारी बायकोनं माझ्या हातातली पळी काढून घेतली आणि म्हणाली, “पुरे झालं आता. मी वाढते, बसा.”

मी म्हणालो, “बंद केलंस ना?”

“केलं.”

“खरंच?”

“किती वर्षं तुम्ही मला सांगत होतात, घेतली नाही म्हणून. मी कशावरून खरं धरायचं होतं?” ती वाटी भरत होती. तिचा आवाज चढला नव्हता. “बंद केलंय. पण परत कधी मला तसं वाटलं, तर परत देईन. मला तुमचा राग चालेल.”

मुलगी ताट घेऊन आमच्या मध्ये बसली होती, एकदा आईकडं, एकदा माझ्याकडं बघत.

मी त्या वाटीकडं बघत बसलो. डाळ-वांगं होतं, वरून तेलाचा तवंग, कोथिंबीर. वास नेहमीचा. ती खरं बोलतेय की नाही, हे तपासायचा एकच मार्ग आहे. जेवण करायचं, कोपऱ्यावर जायचं, एक क्वार्टर घ्यायची, घोट घ्यायचा आणि वाट बघायची. तोंड लाल झालं तर ती खोटी. नाही झालं तर ती खरी, आणि मी संपलो.

मी भाकरी मोडली आणि जेवलो.